उपदेश पुरे, आता बोर्डाचं बोला

केळीचा भाव पडला की आमच्या खान्देशातल्या सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात सल्ल्यांना पूर येतो. शेतीकडे धंदा म्हणून बघा. हवामान बदललं, तुम्हीही बदला. एकाच पिकाला किती दिवस धरून बसणार? माल कच्चा कशाला विकता, प्रक्रिया करा, निर्यात करा. आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: दर वेळी सरकारच्या तोंडाकडे बघायची सवय सोडा. कृषिमेळाव्याच्या मांडवात हे ऐकावं लागतं, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकावं लागतं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पुण्याचा पाहुणाही हेच ऐकवतो. बोलणाऱ्यांत वाईट माणसं फारशी नसतात. बहुतेकांना शेतकऱ्याचं भलंच व्हावंसं वाटतं. म्हणूनच त्यांना उत्तर देणं भाग आहे. भल्या माणसांच्या तोंडून रोज येणारं चुकीचं मत धोरणात उतरायला वेळ लागत नाही.

त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. ते म्हणतात, खान्देशातला केळीवाला मेहनती आहे, पण त्याच्याकडे धंद्याची नजर नाही. तो खर्चाचा हिशेब ठेवत नाही. बाजार पाहून लागवड करत नाही, शेजाऱ्यानं लावली म्हणून लावतो. ऊन वाढलं, पाऊस लहरी झाला, तरी बापजाद्यांची पद्धत सोडत नाही. भाव चढला की हात सैल सोडतो, पडला की रस्त्यावर केळी ओततो. त्यानं कारखानदारासारखा विचार केला, जोखीम ओळखून तिची तजवीज केली, तर बदलत्या काळातही त्याची शेती नफ्यात राहील. म्हणजे सगळी अडचण शेतकऱ्याच्या डोक्यात आहे. डोकं बदललं की शेती सुधारेल.

यातलं एकही वाक्य सावद्याच्या शिवारात टिकत नाही.

हिशेबापासून सुरुवात करू. आमच्याकडच्या कोणत्याही बागायतदाराची वही उघडा. सहा बाय पाचवर लागवड केली तर एकरी १,४५२ झाडं बसतात, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यापुढे रोपांचे पैसे, ठिबकच्या नळ्या, बेसल डोस, दर आठवड्याची विद्राव्य खतं, फवारण्या, पिलं कापायची मजुरी, झाडं बांधायची पट्टी, घडावरच्या पिशव्या, लाईटबिल, आणि सोसायटीच्या कर्जावरचं व्याज. पहिले अकरा महिने त्या वहीत फक्त जाणारे पैसे असतात, येणारा रुपयाही नसतो. झाडाला सरासरी २२ किलोचा घड धरला तर एकरी सुमारे ३२० क्विंटल माल निघतो. म्हणजे क्विंटलमागे १०० रुपये भाव हलला की एकरामागे ३२ हजार रुपये इकडचे तिकडे होतात. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यानं अडीच हजारांच्या वर गेलेला भाव पाहिला आणि पाचशेच्या खाली आलेलाही पाहिला. खर्चाच्या बाजूला पै-पैचा हिशेब आहे, उत्पन्नाच्या बाजूला मात्र लागवडीच्या दिवशी एकही आकडा लिहिता येत नाही. ही जागा शेतकऱ्याच्या आळसामुळे कोरी आहे काय? जगातला कोणता हिशेबनीस अकरा महिन्यांनंतरचा केळीचा भाव आज लिहून देईल?

आणि तो भाव निघतो कसा? इथे मला जरा थांबायचं आहे, कारण सल्ला देणारे नेमके इथेच थांबत नाहीत. आमच्या पट्ट्यात केळीच्या भावाला बोर्ड म्हणतात. सकाळी बागेत भेटलेला माणूस रामराम झाल्यावर पहिला प्रश्न विचारतो, आज बोर्ड काय निघाला? हा बोर्ड मुख्यतः बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून चालतो. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. म्हणजे महाराष्ट्रातल्या आमच्या केळीपट्ट्याचा भाव दुसऱ्या राज्यातल्या बाजार समितीच्या आवारात, आमच्यातला कोणी तिथे हजर नसताना ठरतो आणि मोबाईलवर इकडे येतो. बरं, आलेला बोर्ड तरी पूर्ण मिळतो का? बागेत व्यापाऱ्याचा माणूस येतो. दोन ओळींतून फिरतो, चार पिशव्या वर करून घड बघतो, फण्यांवर बोट ठेवतो. मग तो सांगतो, नवती आहे पण कलर कमी आहे, बोर्डापेक्षा इतके कमी. किंवा, ही पिलबाग. किंवा, यातला एवढा माल वापसीत जाईल. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे पिलांवर घेतलेलं पुढचं पीक, वापसी म्हणजे नाकारलेला माल; तिन्हींचे भाव वेगळे, आणि कोणता घड कशात हे ठरवणारा एकटा खरेदीदार. कागदावर प्रत लिहिलेली नसते. तक्रार करायला तिसरा माणूस नसतो. शेतकऱ्यानं नाही म्हटलं तर कापणारी टोळी दुसऱ्या बागेत जाते आणि चार दिवसांनी इथला घड झाडावरच पिवळा पडायला लागतो. केळी कोठारात भरून ठेवता येत नाही, कापसासारखी घरात रचून ठेवता येत नाही. ज्याच्याकडे थांबायची सोय नाही त्यानं घासाघीस कशाच्या जोरावर करायची?

कोणत्या धंद्यात विकणारा आपल्या मालाची किंमत, प्रत, वजनातली घट आणि पैसे मिळायचा दिवस, या चारही गोष्टी घेणाऱ्यावर सोडतो? कारखानदारासारखा विचार करा म्हणता, तर कारखानदार अशा अटींवर एक दिवस तरी कारखाना चालवेल का?

दुसरा आरोप बदलाचा. हा आरोप ऐकून तर मला संताप येतो. माझ्या लहानपणी इथे बसराई जातीची बाग असे. कंदापासून लागवड, दांडानं पाट भरून पाणी, आणि घड हाती यायला दीड वर्ष. आज त्याच वावरात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन उभी आहे, थेंबाथेंबानं पाणी पिते आणि अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबकचा प्रसार सुरू केला, नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित रोपं आणली. ती विकत घेण्याचा, पहिल्याच वर्षी कर्ज काढून वावरात नळ्या अंथरण्याचा धोका कोणी पत्करला? रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतल्या याच शेतकऱ्यांनी. तेव्हा कोणीही पिकाची हमी दिली नव्हती.

त्यानंतर फळनिगा आली. घड निसवायला लागला की फुलकिड्यासाठी केळफुलातच औषध टोचायचं, पुढे केळफूल खुडायचं, शेवटच्या बारीक फण्या काढून टाकायच्या, प्रत्येक केळ्याच्या टोकावरचं वाळकं फूल हातानं काढायचं, मग घडाला पिशवी घालायची. हे काम सकाळच्या वेळी, शिडीवर चढून, एकेका झाडाशी थांबून करावं लागतं. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग मरेपर्यंत जात नाही. आमच्याकडे बागेतल्या कामाचे कपडे वेगळेच असतात, काळ्या ठिपक्यांनी भरलेले. एकरात चौदाशे वेळा हे करणाऱ्या माणसाला कोणीतरी मांडवात उभं राहून सांगतं की गुणवत्तेकडे लक्ष द्या. २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावानं. २०२१ च्या जूनमध्ये त्याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. जो पट्टा कंदावरून प्रयोगशाळेतल्या रोपावर, पाटावरून ठिबकवर आणि गावच्या बाजारातून दुबईपर्यंत एका पिढीत गेला, त्याला बदलायला सांगणाऱ्यानं स्वतःच्या धंद्यात गेल्या तीस वर्षांत काय बदललं ते आधी सांगावं.

आता एकाच पिकाचा मुद्दा. जोखीम वाटून घ्यायला चार पिकं घ्या, हा सल्ला ऐकायला इतका सरळ वाटतो की त्याला कोणी हरकत घेत नाही. पण पिकं कागदावर वाढत नाहीत. २०२० च्या पावसाळ्यात या पट्ट्यात सीएमव्ही, म्हणजे ज्याला आम्ही हरण्या म्हणतो तो रोग, असा फैलावला की पानांवर पिवळ्या रेघा दिसल्या की झाड उपटून पुरायचं, हाच उपाय उरला. उभ्या बागा लोकांनी स्वतःच्या हातानं काढल्या. हा विषाणू मावा पसरवतो आणि काकडी, भोपळा, टोमॅटो, वांगी, मिरची यांच्यात तो मुक्कामाला असतो. म्हणून केळीच्या आसपास ही पिकं घेऊ नका, असं कृषी शास्त्रज्ञच सांगतात. मग विविधता आणा म्हणणाऱ्यानं सांगावं, केळीत भाजीपाल्याचं मिश्रपीक घेऊ की बाग वाचवू? दोन्ही एकाच वेळी करता येत नाही, हे त्याच्या माहितीत आहे का?

बरं, केळी सोडून वळायचं तर कुठे? कापसाकडे? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाची काय गत केली ते खान्देश विसरलेला नाही. कांद्याकडे? ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यातच बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. ज्यानं धंद्याची नजर ठेवून, बाजाराचा अंदाज घेऊन त्या वर्षी कांदा लावला, त्याचा अंदाज चुकला म्हणायचं की त्याच्याशी झालेला व्यवहार मोडला म्हणायचं? आणि आम्ही पिकं फिरवतच नाही, हेही खरं नाही. केळीच्या दोन बागांच्या मधल्या काळात हळद, हरभरा, मका, गहू घेतले जातात, जमीन विश्रांती घेते. केळी आम्ही सोडत नाही कारण या काळ्या जमिनीत, या उन्हात, इतक्या कमी दिवसांत एवढा रोख पैसा देणारं दुसरं पीक नाही. शिवाय तिच्यामागे मजूर, वाहतूक, कापणाऱ्या टोळ्या, रोपवाटिका यांचं अख्खं जाळं शंभर वर्षांत उभं राहिलंय. ते जाळं हीच या भागाची पुंजी आहे. ती मोडून टाकायला सांगण्याला मी दूरदृष्टी म्हणत नाही.

हवामानाबद्दल बोलताना सल्लागारांचा सूर विशेष चढतो. बदलत्या हवामानाशी जुळवून घ्या. आम्ही काय करतोय मग? मृगाच्या पावसावर लावलेल्या मृगबागेचे घड मे महिन्यात झाडावर भरत असतात आणि नेमकं तेव्हाच भुसावळ-रावेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. दांडा उन्हानं मऊ पडतो, घड सटकतो. त्याच्या मागून वळवाची वावटळ येते आणि अर्ध्या तासात, कापणीला दोन आठवडे राहिलेली बाग आडवी करून जाते. यावर उपाय म्हणून बांधाला शेवरी, गजराज गवत लावलं जातं, पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांधली जाते, झाडं एकमेकांना पट्टीनं बांधली जातात, काहीजण बांबूचे टेकू देतात. मृगबागेवर सगळा भार नको म्हणून पावसाळ्यानंतर कांदेबाग लावतात. मग थंडीत तिची वाढ अडते, करपा येतो, निसवण लांबते. हे सारं स्वतःच्या पैशानं चाललंय. यापुढचं जुळवून घेणं एकट्या शेतकऱ्याच्या हातातलं नाही, ही गोष्ट का मान्य केली जात नाही?

विम्याचंच बघा. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. म्हणजे तुमची बाग पडली की नाही याला फारसा अर्थ नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं ठरलेल्या दिवसांत ठरलेलं तापमान किंवा वाऱ्याचा वेग नोंदवला की नाही, यावर मुख्यतः पैसे ठरतात. वावटळ मात्र मंडळाची हद्द पाहून येत नाही. ती एका नाल्याच्या कडेनं पट्टा मारत जाते. एका शेताची बाग झोपते, पलीकडची उभी राहते, आणि चार-पाच कोस लांबच्या केंद्रावरचं यंत्र शांत असतं. अशा शेतकऱ्यानं विम्याचा हप्ता भरला होता, जोखमीची तजवीज केली होती, सगळं पुस्तकातल्यासारखं केलं होतं. तरी त्याच्या हाती काही आलं नाही. आता त्याच्या डोक्यातली कोणती चूक दुरुस्त करायची?

पाण्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आम्हाला ऐकून घ्यावी लागेल, आणि मी ती टाळणार नाही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या दृष्टीनं अतिशोषित ठरले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचा हा बझाडा पट्टा. दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर, पावसाचं पाणी पिऊन घ्यायला इतकी चांगली जमीन देशात फार थोड्या ठिकाणी असेल. त्या पाण्यावर आमच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आणि प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेतला. ठिबकनं वाचलेलं पाणी आम्ही जमिनीत ठेवलं नाही, जास्त केळी लावली. हे खरं. पण पाणी भरण्याचं काम कोणी एक शेतकरी आपल्या बांधावर करू शकतो का? तापीचं पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी वळवून या थरात मुरवायचं, ही तापी महापुनर्भरणाची कल्पना इथे कित्येक वर्षं बोलली जाते. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यातला करार व्हायला १० मे २०२५ उजाडावा लागला. दोन राज्यांना एका सहीसाठी एवढा काळ लागतो आणि शेतकऱ्याला मात्र एका हंगामात बदलायला सांगितलं जातं.

निर्यात आणि प्रक्रिया हे सल्लागारांचे सगळ्यात आवडते शब्द. भारत जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो, जगाच्या जवळपास एक चतुर्थांश. निर्यातीतला आपला वाटा मात्र टक्का-दीड टक्क्याच्या आसपास घुटमळतो. हे आकडे शेतकऱ्याच्या तोंडावर फेकून विचारलं जातं, तुम्ही मागे का? आणि लगेच सोलापूरचं उदाहरण येतं. करमाळा, टेंभुर्णी, कंदर भागातून आज निर्यातीची केळी आमच्यापेक्षा जास्त जाते, हे मी नाकारत नाही. पण का जाते ते तरी बघा. तिथे पॅकहाऊस उभी राहिली, शीतगृहं आली, निर्यातदार कंपन्या बागेपर्यंत पोचल्या, वर्षभर माल मिळत राहील अशी लागवडीची साखळी बसली. निर्यातीचं केळं कापल्यापासून हौदात धुवून, फण्या करून, १३ किलोच्या खोक्यात भरून, पूर्वशीतन करून १३-१४ अंशांच्या कंटेनरमध्ये न्हावाशेवा बंदरापर्यंत न्यावं लागतं. या साखळीत बाग ही एक कडी आहे. ती कडी आमच्याकडे मजबूत आहे, तांदलवाडीच्या २२ टनांनी ते दाखवून दिलंय. बाकीच्या कड्या एका पाच एकरवाल्यानं कुठून आणायच्या?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात आहे, आणि ते सल्लागारांच्या मताच्या अगदी उलट आहे. नाशिकच्या द्राक्षाकडे बघा. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभं राहिलं, द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून. २०१० मध्ये रसायनांच्या अवशेषांवरून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली तेव्हा शेकडो बागायतदार बुडायला आले. त्या तडाख्यातून मोहाडीची सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, विलास शिंदे यांच्या पुढाकारानं. आज ती देशातल्या मोठ्या शेतकरी कंपन्यांत गणली जाते. तिथल्या शेतकऱ्यांचं डोकं रातोरात बदललं म्हणून हे झालं नाही. अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा, अपेडा या केंद्राच्या निर्यात प्राधिकरणाची बागेपासून खोक्यापर्यंत माग काढणारी ग्रेपनेट व्यवस्था, २००२ मध्ये कंपनी कायद्यात झालेली शेतकरी उत्पादक कंपन्यांची तरतूद, बँकांचं भांडवल, आणि हजारो बागायतदारांनी एकत्र टाकलेला विश्वास, या सगळ्यांतून ते झालं. धक्का सोसायची ताकद संस्थेतून आली. एकट्या माणसाला हिंमत धरा असं सांगून ती आली नाही, येणारही नाही. केळीसाठी अशी माग काढणारी, तपासणारी आणि भांडवल पुरवणारी व्यवस्था सावद्यात असती तर आम्ही ती वापरली नसती काय?

प्रक्रियेबद्दल एवढंच. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचे वेफर्स तळणाऱ्या कढया रोज पेटतात, वेफर्स चांगले खपतात, आणि कितीतरी घरं त्यावर चालतात. त्या घरांबद्दल मला आदरच आहे. पण एका कढईत दिवसाला जातात ती केळी किती आणि सावद्याच्या बागांतून एका दिवसात ट्रकांवर चढतात ती किती? शिवाय ग्रँड नैन ही पिकवून खायची जात, तळण्यासाठी केरळचा नेंद्रन वेगळा. लाखो टनांच्या प्रश्नावर वेफर्सचं उत्तर देणं म्हणजे प्रश्न समजून घ्यायलाच नकार देणं आहे.

आता सरकारच्या तोंडाकडे बघण्याचं. हे वाक्य फैजपूरच्या परिसरात उच्चारताना माणसानं दोनदा विचार करावा. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड कमी करा, कर्जातून सोडवा, असं त्यात होतं. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी आणली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी हजारोंनी तिच्याविरुद्ध उभे राहिले होते. या मातीत सरकारकडे बघणं म्हणजे भीक मागणं कधीच नव्हतं. आमच्या कष्टावर चालणाऱ्या राज्याकडून हिशेब मागणं, असा त्याचा अर्थ होता आणि आजही आहे.

आणि कारखानदार सरकारकडे बघत नाही, असं कोणी सांगितलं? महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून भूखंड, रस्ते, पाणी, वीज पुरवतंय. उद्योगांना प्रोत्साहन देणारी सामूहिक योजना १९६४ पासून चालू आहे, वेगवेगळ्या रूपांत, आजपर्यंत. जळगावच्या एमआयडीसीत कारखाना काढायला आलेल्या माणसाला आधी विहीर खण, रस्ता बांध, आणि तुझ्या मालाचा भाव शेजारच्या राज्यात ठरेल तो मुकाट्यानं घे, असं कोणी सांगत नाही. शेतीला धंदा म्हणा, जरूर म्हणा. पण मग धंद्याला जे देता ते शेतीलाही द्या.

रेल्वेचं उदाहरण देतो. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांतून केळीच्या वॅगन दिल्लीला जायच्या, हे आमच्या वडिलांच्या पिढीचं रोजचं दृश्य होतं. शेतकऱ्यांच्या फ्रुटसेल सोसायट्या एकत्र येऊन वॅगन भरायच्या. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली-दानापूर मार्गावर पहिली किसान रेल्वे सुरू झाली, आणि पुढे आमच्या स्टेशनांतूनही केळी भाड्यात निम्मी सवलत घेऊन दिल्लीला गेली. शेतकऱ्यांनी गाड्या भरून दाखवल्या. पुढे सवलत संपली. ट्रकचं भाडं डिझेलबरोबर चढत राहिलं. यात शेतकऱ्याच्या मानसिकतेचा काय संबंध? संधी दिली तेव्हा त्यानं ती घेतली, हेच ना सिद्ध झालं?

मला जे म्हणायचं आहे ते आता सरळ म्हणतो. सावद्याचा केळीउत्पादक बाग उभी करण्यात कुठेही कमी पडत नाही. रोप, पाणी, खत, फळनिगा, या सगळ्या कामांत तो स्वतःच्या पैशानं आणि अकलेनं जगाच्या बरोबरीला पोचला आहे. त्याचा धंदा मोडतो तो बागेच्या बाहेर: भावात, प्रतवारीत, वाहतुकीत, विम्यात आणि भूजलात. या पाचही ठिकाणी निर्णय दुसरे घेतात आणि नुकसान तो भरतो. जोखीम सगळी एकाकडे आणि सत्ता सगळी दुसऱ्यांकडे असेल, तर तो धंदा कोणत्याच हवामानात टिकणार नाही. त्यात शेतकरी कितीही हुशार असू द्या.

म्हणून आम्हाला पाहिजे ते असं. सावद्यात किंवा रावेरला केळीचा उघडा लिलाव, रोज, शेतकऱ्यासमोर, आणि किती मालावर काय भाव निघाला ते फळ्यावर लिहून. खरेदीच्या पावतीवर मालाची प्रत आणि घट लेखी. वाद झाला तर बघायला बाजार समितीचा माणूस बागेत. विम्यासाठी मंडळाला एक केंद्र पुरत नाही, गावागावांत यंत्रं बसवा, आणि पडलेल्या बागेचा पंचनामाही धरा. रेल्वेचे डबे हंगामात ठरल्या दिवशी मिळालेच पाहिजेत, नाशवंत मालाच्या भाड्याची सवलत कायम राहिली पाहिजे. शेतकरी कंपन्यांना पॅकहाऊस आणि पूर्वशीतनासाठी बँकेचं खेळतं भांडवल द्या, जमीन गहाण ठेवल्याशिवाय. तापीच्या पुनर्भरणाचं काम करारावरून वावरात आणा; आणि ते येईल तेव्हा गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडून किती एकर केळी लावायची हे ठरवायला आम्ही बसू, त्यात मागे हटणार नाही.

यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी होऊ शकणारं काम लिलावाचं आहे. त्याला धरण लागत नाही, कंटेनर लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. एक आवार, एक काटा, एक फळा आणि कायद्याची अंमलबजावणी करणारा एक अधिकारी एवढंच लागतं. येत्या कांदेबागेची कापणी सुरू व्हायच्या आत ते सुरू करा. तोल आमच्यासमोर, प्रत कागदावर, पैसे त्याच आठवड्यात. मग बागेत उभा राहून माझ्या घडावर बोट ठेवणाऱ्या माणसाशी मी भावाचं काय ते बोलेन, आणि तेव्हा मला धंदा शिकवायला कोणी येऊ नये.